धर्माची प्रश्नपत्रिका कोणी काढावी?



अखंड हरिनाम सप्ताहाच्या पत्रिकेत अलीकडे एक नवी ओळ दिसू लागली आहे. काकडा, ज्ञानेश्वरी पारायण, गाथा भजन, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन, जागर हा क्रम आपल्या ओळखीचा. त्यात आता दुपारच्या मोकळ्या वेळी ‘बालगोपाळांसाठी धर्मज्ञान प्रश्नमंजूषा’ अशी भर पडते. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर वाटेल तो गोल काळा करायचा. पहिल्या नंबरला सायकल, दुसऱ्याला दप्तर, बाकीच्यांना पेन. पूर्वी हे प्रश्न संतचरित्रावर असत. आता त्यात ‘जगातील प्रमुख धर्म’ हा विभाग आला आहे आणि मुलांना येशू, मूसा, जरथुष्ट्र, पैगंबर, महावीर, बुद्ध, नानक सगळे विचारतात.

हेतू चांगला आहे. परंतु अशा तीन-चार प्रश्नपत्रिका उत्तरसूचीसकट माझ्या हाती आल्या, त्या मी चष्मा पुसून पुसून वाचल्या, आणि माझा त्यांना आक्षेप आहे. त्यांना चुकीच्या कारणासाठी विरोध करणारी मंडळीही आहेत. त्यांनाही माझा तितकाच आक्षेप आहे. दोन्हीकडचे रागावतील. रागवोत. गळा गेल्यामुळे मी गादीवरून उतरलो, लेखणीला अजून काही झालेले नाही.

आधी विरोधकांचा पूर्वपक्ष पाहू. ते म्हणतात, ‘वारकऱ्याच्या पोराला परधर्माची उठाठेव कशाला? त्याला हरिपाठ पाठ झाला म्हणजे पुरे.’ या मंडळींना मी एकच गोष्ट विचारतो. अमृतसरच्या हरमंदिरात आमच्या नामदेवरायांची पदे गातात, ती तिथे कशी पोहोचली? नामदेवराय पंजाबात गेले, घुमानला राहिले, हे खरे. पण ती पदे टिकली कोणामुळे? पाचवे गुरू अर्जनदेव यांनी इ.स. १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेवांची ६१ पदे घेतली, कबीर घेतले, रविदास घेतले, आणि शेख फरीद हा मुसलमान सूफीही घेतला. ‘पंढरपूरच्या शिंप्याची वाणी आम्हांला कशाला’ असे अर्जनदेव म्हणाले असते, तर नामदेवांचा तो हिंदी ठेवा आज कुठे असता कोण जाणे. पुढे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी आपल्या नांदेडला त्याच ग्रंथाला गुरुपद दिले. म्हणजे शीख बांधव ज्याला गुरू म्हणून मस्तक लववतात, त्यात आमचा नामदेव बसलेला आहे. आता सांगा, वारकऱ्याच्या पोराने शीख धर्म जाणून घेणे ही उठाठेव आहे काय?

आणि लांब कशाला जायचे! तुकोबारायांची पालखी देहूतून निघाली की पहिली आरती कुठे होते? अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. वारीत चालणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिले आहे. ज्यांना ते खुपते त्यांनी तुकोबांच्या पालखीला वाट बदलायला सांगावे. आम्ही सांगणार नाही. तेव्हा परधर्माचा प्रश्न विचारावा की नाही, हा वाद इथे संपला. विचारावा. मुद्दा आहे तो कसा विचारावा आणि त्याचे उत्तर कोणाला विचारून ठरवावे.

आता प्रश्नपत्रिकेकडे वळतो.

‘जैन धर्माचे संस्थापक कोण?’ उत्तरसूचीत: महावीर. कोणत्याही जैन शेजाऱ्याला विचारा. तो सांगेल की महावीर हे चोविसावे तीर्थंकर, त्यांच्या आधी पार्श्वनाथ तेविसावे, आणि या मालिकेत पहिले ऋषभदेव. चोविसाव्याला पहिला करणे हे कसले ज्ञान?

‘इस्लाम धर्माचे संस्थापक कोण?’ उत्तर: मुहम्मद पैगंबर. शाळेच्या पुस्तकातही असेच असते. पण मुसलमान स्वतः असे मानत नाही. त्याच्या श्रद्धेप्रमाणे ते आदमपासून चालत आलेल्या परंपरेतील अखेरचे प्रेषित आहेत. ‘संस्थापक’ हा शब्द आपला, त्याचा नव्हे.

‘ख्रिस्ती धर्माचा ग्रंथ कोणता?’ बायबल. बरोबर. पण वसईच्या कॅथलिक घरात जे बायबल आहे ते ७३ पुस्तकांचे आहे, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या प्रॉटेस्टंट घरात ६६ पुस्तकांचे. त्या सात पुस्तकांपायी युरोपात केवढे वाद झाले! चार पर्यायांच्या गोलात ते वाद दिसत नाहीत.

‘मोहरम हा कोणाचा सण आहे?’ इथे मात्र मी प्रश्नपत्रिका खाली ठेवली. माउली, मोहरम हा अर्थाने सण नव्हे. इ.स. ६८० मध्ये करबलाच्या रणात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आपल्या मोजक्या सोबत्यांसह मारले गेले. ती मोहरमची दहावी तारीख. तो शोकाचा दिवस आहे. आपल्याकडे कित्येक गावांत ताबुतांपुढे हिंदू नवस फेडतात, ते या शोकाला मान देऊनच. परंतु हा प्रश्न सोडवून पूर्ण गुण मिळवलेला मुलगा दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी जाऊन ‘मोहरमच्या शुभेच्छा’ देणार. गुड फ्रायडेलाही तसेच. नावात ‘गुड’ आहे म्हणून ज्या दिवशी ख्रिस्ताला क्रुसावर चढवले त्या दिवशी हा अभिनंदन करणार. मेलेल्याच्या घरी पेढे नेऊन देण्याचा हा प्रकार, आणि वर सायकल बक्षीस!

याहून जड एक प्रश्न आहे. ‘बौद्ध धर्म’ या मथळ्याखाली विचारले आहे, ‘भगवान बुद्ध हे विष्णूचे कितवे अवतार?’ उत्तर: नववे.

सप्ताहाच्या मंडपात गावची सगळी शाळा येते. त्यात बौद्ध वस्तीतली पोरेही असतात, आणि ती यावीत अशी आपली इच्छा असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, अशा आशयाची एक प्रतिज्ञा त्यांत स्पष्ट आहे. त्या पोराच्या आजोबांनी ती घेतली आहे, बापाने घेतली आहे. आता हे पोर काय करणार? सायकल हवी असेल तर ‘नववे’चा गोल काळा करावा लागेल. नाही केला तर एक गुण गेला. आपण त्या लेकराची परीक्षा घेतली की त्याच्या घराला सायकलीच्या मोलाने विकत घेऊ पाहिले? कोणाला हे मुद्दाम करायचे नव्हते हे मला ठाऊक आहे. म्हणून तर अधिक वाईट वाटते. ज्यांच्या धर्माचा प्रश्न, त्यांना एकदा विचारावे हे कोणाच्या मनातच आले नाही.

आता कोणी शास्त्री म्हणतील, ‘महाराज, दशावतारात बुद्ध आहेच की!’ आहे, मी नाही कुठे म्हणतो? पुराणांत आहे. जुन्या पंचांगांवर आणि दशावताराच्या पटांवर नवव्या जागी चक्क आपला विठोबा कटेवर कर ठेवून उभा काढलेला आढळतो. त्यावर रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या ग्रंथात पुष्कळ लिहिले आहे, आवड असेल त्यांनी वाचावे. ती आपल्या घरची गोष्ट आहे, रसाळ आहे, आपल्या मुलांना जरूर सांगा. पण ती ‘भागवत परंपरा’ या मथळ्याखाली विचारा. ‘बौद्ध धर्म’ या मथळ्याखाली तेच उत्तर लिहिले की ते दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढवल्यासारखे होते. आणि त्या बावीस प्रतिज्ञा आपल्यापैकी किती जणांनी वाचल्या आहेत? पहिल्या काही प्रतिज्ञा आपल्या देवांविषयी आहेत, त्या आपल्याला झोंबतात. झोंबतात म्हणूनच वाचाव्यात. हे घर आपल्या शेजारून का उठून गेले, याचे उत्तर त्यांत आहे, आणि चोखोबांच्या पायरीपाशी थांबणाऱ्या वारकऱ्याला ते उत्तर अगदीच परके वाटायला नको.

हा तक्ता आला कुठून? संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण अशी चार खाणी आखायची आणि जगातला प्रत्येक धर्म त्यांत भरायचा, ही आपली रीत नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने शिरगणतीत माणसे धर्माच्या नावाने मोजायला घेतली. तिकडे ऑक्सफर्डला मॅक्सम्युल्लर यांच्या संपादनाखाली पूर्वेकडील पवित्र ग्रंथांची पन्नास खंडांची माला १८७९ पासून निघू लागली. काम अफाट, त्याला माझा नमस्कार. पण त्या पन्नास खंडांत ज्ञानेश्वरी नाही, गाथा नाही, एकनाथी भागवत नाही. लोकभाषेत बोलणारा धर्म त्या कपाटात शिरलाच नाही. ज्यांच्या धर्मात एक संस्थापक आणि एक ग्रंथ, त्यांनी आपल्या मापाने अंगरखा बेतला आणि तो सगळ्या जगाला घातला. कोणाला आखूड झाला, कोणाला ढगळ.

आपलेच पाहा. वारकरी संप्रदायाचे संस्थापक कोण? ज्ञानेश्वर महाराज म्हणाल, तर त्यांच्याही आधी पंढरीला लोक जात होते. बहिणाबाईंनी पाया आणि कळस यांचे रूपक केले ते सगळ्यांना पाठ आहे. परंतु पाया घालायलाही जागा आधी लागते. ग्रंथ कोणता? एक नाही, तीन. सण? आषाढी म्हणाल, तर माळकरी म्हणेल प्रत्येक एकादशी. आणि मुख्य गोष्ट, चालणे. तपोनिधी नारायण महाराजांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली, पुढे हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला, आज लाखो माणसे अंगावर पाऊस घेत पायी चालतात. या चालण्याला त्या तक्त्यात खाणच नाही! ज्या तक्त्यात आपण स्वतः मावत नाही, त्यात आपण दुसऱ्यांना कोंबायला निघालो आहोत.

परीक्षा घेऊच नये असे मात्र मी म्हणत नाही. परीक्षा ही आपल्या परंपरेची जुनी रीत आहे. बृहदारण्यकाच्या तिसऱ्या अध्यायात जनकाच्या यज्ञात याज्ञवल्क्यांची परीक्षा झाली. विदग्ध शाकल्याने विचारले, ‘देव किती?’ आजच्या प्रश्नपत्रिकेत हाच प्रश्न आहे आणि उत्तर दिले आहे ‘तेहतीस कोटी’. याज्ञवल्क्यांनी काय सांगितले? आधी सांगितले, तीनशे तीन आणि तीन हजार तीन. शाकल्य म्हणाला, बरे, पण देव किती? तेहतीस. बरे, पण देव किती? सहा. पुन्हा तोच प्रश्न. तीन. मग दोन. मग दीड! आणि शेवटी एक. सात वेळा एकच प्रश्न, सात वेगळी उत्तरे, आणि सातही बरोबर. पुढे शाकल्याने प्रत्येक उत्तराचा अर्थ विचारला तेव्हा याज्ञवल्क्यांनी उलगडून दिले की देव तेहतीसच, बाकीचे त्यांचे महिमे. आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. दीड कोण? वाहणारा वारा. एक कोण? प्राण, तेच ब्रह्म.

आता हा प्रश्न चार गोलांत बसवून दाखवा. अ) एक, ब) दीड, क) तेहतीस, ड) तीन हजार तीनशे सहा. कोणता गोल काळा कराल? तिथे परीक्षक ‘बरे’ म्हणतो आणि पुन्हा विचारतो. उत्तर आले म्हणजे प्रश्न संपला असे तो मानत नाही. आपल्या फडावर जुने लोक असेच विचारीत. एक चरण द्यायचे, अर्थ सांग म्हणायचे. सांगितला की म्हणायचे, आणखी. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला कोणी गोल काळे करायला लावले नाही. पाठांतर म्हणून दाखव आणि त्यावर बोल, एवढीच परीक्षा. त्यात लबाडी चालत नाही. बोलता बोलता माणूस उघडा पडतो.

(तेहतीस ‘कोटी’ म्हणजे तेहतीस ‘प्रकार’ असा एक नवा अर्थ हल्ली मोबाइलवर फिरतो. तेहतीस ही संख्या उपनिषदात आहे, ती तिथेच वाचावी. मोबाइलचा दाखला गादीवर देऊ नये.)

आता तिसऱ्या एका मंडळींशी बोलायचे आहे. ही सुशिक्षित मंडळी अमेरिकेचा एक दाखला देतात. तिकडे प्यू नावाच्या संशोधन केंद्राने २०१० मध्ये ३,४१२ लोकांना धर्माविषयी ३२ प्रश्न विचारले. बायबल, मार्टिन ल्यूथर, दलाई लामा, रमजान असे सगळे होते. विष्णू आणि शिव कोणत्या धर्मातले हेही होते. सरासरी निम्मी, म्हणजे १६ उत्तरे बरोबर आली. सर्वांत जास्त गुण कोणाला? देव न मानणाऱ्यांना आणि देवाविषयी काही सांगता येत नाही म्हणणाऱ्यांना, सरासरी २०.९. त्यांच्या मागोमाग ज्यू आणि मॉर्मन. आणि कॅथलिकांपैकी शंभरात ४५ जणांना आपल्याच चर्चची एक मूळ शिकवण ठाऊक नव्हती, ती म्हणजे प्रसादाची भाकर आणि द्राक्षरस प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात. निम्म्याहून अधिक प्रॉटेस्टंटांना ल्यूथरचे नाव ओळखता आले नाही.

हे सांगून ही मंडळी विजयी मुद्रेने म्हणतात, ‘पाहा महाराज, श्रद्धावानाला धर्म कळत नाही, नास्तिकाला कळतो!’

आकडे खरे आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही. शिक्षणाचा फरक वजा करूनही हे तीन गट पुढेच राहिले, हेही त्यांनी तपासले आहे. पण त्यांचा अर्थ लावताना जरा दमाने घ्या. ज्याने घर सोडायचे ठरवले, तो निघण्याआधी घराचे कोपरे नीट पाहून घेतो. तिथल्या नास्तिकाने विचार केला, वाचले, भांडला आणि मग निघाला. त्याला माहिती अधिक असणारच, आणि त्या कष्टाबद्दल मी त्याला मान देतो. ज्यू आणि मॉर्मन हे मोठ्या वस्तीतले लहान घर. लहान घराला दोन्ही घरांची रीत जाणावी लागते, स्वतःची आणि शेजारच्या मोठ्या घराची. मोठ्या घरातल्याला शेजारी दिसतच नाही. आमच्या गावाकडे पाहा. मुसलमानाच्या मुलाला एकादशी कधी, दिंडी कधी निघते, उपासाला काय चालते, सगळे ठाऊक. आमच्या मुलाला रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी का येतो हे सांगता येत नाही. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. आपण अधिक मास घालून ते सूर्याशी जुळवतो, ते घालत नाहीत, एवढेच कारण. पंचांग पाहणाऱ्या माणसाला हे समजायला क्षणभर पुरे. पण आपण मोठ्या घरातले!

राहिली गोष्ट त्या ४५ कॅथलिकांची. ते रविवारी चर्चमध्ये जातात, प्रसाद घेतात, आणि तो काय आहे हे त्यांना ठाऊक नाही. इथे आपल्यातले काही ‘भाव तिथे देव’ म्हणून पांघरूण घालतील. मी घालणार नाही. हा दोष श्रोत्यांचा नाही, व्यासपीठाचा आहे. आणि तेच माप आपल्याला लावा. दिंडीतल्या शंभर वारकऱ्यांना विचारा, गळ्यात तुळशीची माळ का? विठोबाच्या मस्तकावर शिवलिंग मानतात ते का? माउली अद्वैत सांगतात, मग भक्ती कोणी कोणाची करायची? किती जणांना सांगता येईल? वारकरी श्रोता तीन तीन तास मांडी घालून बसतो, त्याच्याकडे कान आहेत. त्या कानांत आपण काय ओतले? सासू-सुनेचे विनोद, नवऱ्याची फजिती, सिनेमाच्या चालीवर टाळ्या, आणि शेवटी घाईने अभंगाचे एक चरण. भाव भोळा असावा, पण वक्ता भोळा असून चालत नाही.

माहिती आणि ज्ञान यांचा प्रश्न छांदोग्यात नारदांनी फार आधी सोडवून ठेवला आहे. ज्यांच्या नावाने आपण गादी म्हणतो, ते हे नारद! ते सनत्कुमारांकडे शिकायला गेले. सनत्कुमार म्हणाले, तुला काय येते ते आधी सांग, त्यापुढचे मी सांगतो. म्हणजे तिथेही आधी परीक्षाच झाली. नारदांनी यादी दिली: चार वेद, इतिहासपुराण, व्याकरण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, सर्पविद्या, बरेच काही. आणि पुढे म्हणाले, मला शब्द येतात, आत्मा कळत नाही, मी शोकात आहे. एवढ्यावरच आपले प्रवचनकार थांबतात आणि ‘पुस्तकी विद्या व्यर्थ’ असे ठोकून देतात. पुढे वाचा ना! सनत्कुमार ती यादी फेकून दे म्हणत नाहीत. ते म्हणतात, हे सारे नाम आहे, नामाची उपासना कर; आणि तिथून एकेक पायरी वर नेतात. माहिती ही पहिली पायरी आहे. पहिल्या पायरीवर घर बांधणारा मूर्ख, आणि ती पायरी खोदून काढणाराही मूर्खच. तेराव्या अध्यायात माउलींनी ज्ञानाची लक्षणे सांगितली, त्यांची सुरुवात अमानित्वापासून होते. त्याच अध्यायात अज्ञानाची लक्षणेही त्यांनी ओव्यांमागून ओव्या सांगितली आहेत. दोन्ही वाचावीत आणि आपला नंबर कुठे लागतो ते ज्याचे त्याने पाहावे.

परधर्माचे ज्ञान कुठवर असावे, याचे माप पैठणला नाथमहाराजांनी घालून दिले आहे. त्यांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ काढून वाचा. त्यात तुर्क आपल्या पुराणकथांवर असे बोट ठेवतो की आजही कोणाला राग येईल. हिंदू त्याला तितकेच सणसणीत उत्तर देतो. दोघे भांडतात, एकमेकांना मूर्ख म्हणतात, आणि अखेर एकमेकांना भेटतात. नाथांनी तुर्काच्या तोंडी लेचेपेचे बोलणे घातले नाही. त्याचा पक्ष त्याच्या बाजूने, त्याच्या जोराने मांडला. ते करायला मुसलमान स्वतःविषयी काय म्हणतो आणि आपल्याविषयी काय म्हणतो, दोन्ही ऐकलेले असावे लागते. ही खरी परीक्षा. प्रतिपक्षाने ऐकून ‘होय, मी हेच म्हणतो’ असे म्हटले तर उत्तीर्ण.

या मापाने आजच्या काही तरुण कीर्तनकारांना मोजा. नाव घेत नाही, गरजही नाही. गादीवर उभे राहून ते कुराणात अमुक लिहिले आहे, बायबलात तमुक लिहिले आहे असे ठणकावतात. ग्रंथ उघडलेला नसतो, अध्याय सांगता येत नाही, रात्री मोबाइलवर आलेले सकाळी गादीवर. माझे त्यांना एवढेच सांगणे आहे की समोर पहिल्या रांगेत गावचे मौलाना किंवा फादर बसले आहेत असे समजून ते वाक्य बोलावे. बोलता आले तर बोला, ग्रंथाचे पान दाखवून बोला, टीका असेल तरी बोला. नाही बोलता आले, तर पांडुरंगाच्या समोर तरी ते कसे बोलता येते?

आणि गंमत पाहा, परधर्माच्या लोकांनी आपल्याकडून काय घेतले याची आपल्याला खबरही नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे. ओवी कोणाची? आपली. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण अभंग सोडला नाही, कीर्तन सोडले नाही. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो अशा अर्थाचे ते सांगत. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले शनिवार तेली, धर्माने ज्यू, आडनावाने दिवेकर, रोहेकर, पेणकर. एकोणिसाव्या शतकात त्यांनीही मराठीतून कीर्तने केली. आख्यान मूसाचे, युसूफाचे, ढंग आपला. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, त्यांना तर आपण संतांतच मानतो. यांतला एकही प्रश्न मला त्या पत्रिकांत सापडला नाही. जेरुसलेम कोणत्या देशात आहे हे मात्र होते.

तेव्हा ज्या गावांना मार्गशीर्षात किंवा माघात सप्ताह धरायचा आहे, त्यांच्या कमिटीला माझी सूचना आहे. पन्नास प्रश्नांऐवजी दहा ठेवा. त्यांतले पाच आपल्या घरचे ठेवा, कारण माळ का घालतात हे ज्याला येत नाही त्याला मूसाची दहा वचने विचारण्यात काय हशील? उरलेले पाच, गावात किंवा पंचक्रोशीत ज्या धर्माची घरे आहेत त्यांच्याविषयी. उत्तरसूची छापण्याआधी त्या घरातल्या जाणत्या माणसाकडे न्या. बौद्ध विहारात न्या, मशिदीत न्या, जैन मंदिरात न्या, चर्च असेल तर तिथे न्या. त्यांनी खोडले तर खोडू द्या. बुद्धाच्या अवताराचा प्रश्न आपल्या विभागात घ्या. मोहरमच्या प्रश्नात ‘सण’ हा शब्द काढा. आणि गोल काळे करण्याऐवजी मुलाला उभे करा, दोन मिनिटे बोलू द्या. परीक्षकाने मधे एकदाच म्हणावे, ‘बरे, आणखी सांग.’

परीक्षक म्हणून महाराज मंडळींना बोलवताच, त्यांच्या शेजारी त्या त्या घरचा एक माणूस बसवा. टोपी-उपरणे आणि नारळ जो महाराजांना, तोच त्याला. कमिटीकडे खर्चाची अडचण असेल तर मला कळवावे, त्या दिवसाच्या चहाचे मी पाहीन.